ठमाबाईची जन्मतारीख

खरवईत कुणाकडे सोयरिकीसाठी पाहुणे यायचे असले की घरची माणसं आधी एक चौकशी करायची: ठमाबाई कामावर गेली आहे ना? गेली असली तर पाहुण्यांना बोलवायचं. कारण पाहुण्यांनी वाटेत तिला सहज जरी विचारलं, "पोरगा कसा आहे हो?" तरी ही बाई पोरगा कसा आहे ते सांगून मोकळी व्हायची. चांगलं असेल ते चांगलं आणि पितो तर पितो. गावातले लोक म्हणायचे, हिच्या जिभेला हाड नाही. हे काही खरं नव्हतं. ठमाबाई बडबडी मुळीच नव्हती, आपणहून तर ती कुणाविषयी अवाक्षर काढत नसे. फक्त कुणी विचारलं तर तिला खोटं सांगता येत नसे, आणि माणसं विचारतात ती खरं ऐकायला नव्हे, एवढी साधी गोष्ट तिला उभ्या आयुष्यात उमगली नाही.

स्वतःच्या पोरालाही तिने सोडलं नव्हतं. कुळगावचे दिनानाथराव आपल्या मुलीसाठी सुयोगचं स्थळ बघायला आले, तेव्हा चहाचा कप हातात देता देताच हिने सांगून टाकलं की पोरगा बारावीला आपटलाय, घराच्या वरच्या मजल्याला परवानगी नाही, आणि उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात ज्या शेठकडे तो कामाला आहे तो शेठ बरा आहे पण सुयोग कामचुकार आहे. दिनानाथराव खो खो हसले. अशी विहीण मिळाली तर मुलीला कसली भीती, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. सुयोगला मात्र तो हशा फार लागला. लग्न ठरल्याच्या आनंदातही तो आईवर धुमसत राहिला.

ठमाबाईचा नवरा अनंता जाऊन बराच काळ लोटला होता. भातशेती होती ती भावकीने एकत्रच बिल्डरला दिली आणि तिथे आता टॉवर उभे आहेत, ज्यांच्या गच्चीवरून म्हणे मलंगगड दिसतो. शेती गेल्यावर ठमाबाईला कामाला लावलं ते भूपेशने. भूपेश म्हणजे अनंताच्या चुलतभावाचा मुलगा. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधाच्या गोळ्यांचं पॅकिंग करणारी एक कंपनी होती, तिथल्या कंत्राटदाराचा तो सुपरवायझर. खरवईतल्या कितीतरी बायकांना त्याने तिथे चिकटवलं होतं. सकाळी त्याचाच टेम्पो त्यांना घेऊन जायचा आणि संध्याकाळी आणून सोडायचा. गावात त्याचा शब्द खाली पडत नसे, आणि त्याचं कारण हा टेम्पो होता.

कामावर लावताना फॉर्म भरायचे होते. कंपनीला चाळिशीच्या आतल्या बायका हव्या होत्या. भूपेशने विचारलं, "काकी, जन्मतारीख काय तुमची?"

"मना काय ठाव? त्या साली लय पाणी भरलेला, आई सांगायची."

भूपेश हसला. शाळामास्तर पूर्वी करायचे तेच त्याने केलं: एक जून लिहिलं. गावातल्या सगळ्याच बायका त्याने एक जूनला जन्माला घातल्या. साल मात्र प्रत्येकीचं वेगळं, ती भूपेशच्या डोळ्यांना जेवढी दिसली तेवढं. ठमाबाईच्या आधारकार्डावर आधार नोंदणीच्या कॅम्पातल्या माणसाने आधीच एक जानेवारी टाकून दिली होती. अशा तिला दोन जन्मतारखा झाल्या आणि त्यांतली एकही तिची नव्हती. फॉर्मवर ईमेलचाही रकाना होता. तो सुयोगने आपल्या मोबाईलवर आईच्या नावाचा आयडी काढून भरला, आणि मग त्याच आयडीवर स्वतःचे गेम खेळत बसला. ठमाबाईला यातलं काही विचारायचं सुचलं नाही. तिला काम मिळालं होतं.

पॅकिंगच्या टेबलावर तिच्या शेजारी प्रीती बसायची. उल्हासनगरची पोर, नुकतीच कॉलेज सोडून कामाला लागलेली, बोलता बोलता हिंदीत घसरणारी. ती ठमाबाईला मावशी म्हणायची. डब्यातली अंड्याची पोळी अर्धी तिला द्यायची आणि तिच्याकडची सुकटाची चटणी हक्काने काढून घ्यायची. भूपेश प्रीतीच्या आसपास जरा जास्तच घोटाळतो हे सगळ्या बायकांना दिसत होतं. सगळ्या बायका खाली मान घालून गोळ्या मोजत होत्या.

एका दुपारी ठमाबाई कपडे बदलायच्या खोलीत, कपाटांच्या रांगेमागे, जमिनीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होती. प्रीती आत आली, टोपी काढू लागली. तिच्यामागून भूपेश आला आणि त्याने आतून कडी लावली. पुढचं ठमाबाईने कपाटांच्या फटीतून पाहिलं. पोरीच्या तोंडावर त्याचा हात होता. तिने जवळ होता तो स्टीलचा डबा लाथेने उडवला. त्या खणखणाटाने भूपेश दचकला आणि कडी काढून पळाला. आवाज कुणी केला हे बघायलाही तो थांबला नाही. प्रीती भिंतीला टेकून खाली बसली. ठमाबाईने तिला जवळ घेतलं आणि बराच वेळ तशीच धरून बसली.

प्रीतीने तक्रार केली. पोर भित्री होती, पण केली; खोलीत आणखी कोण होतं ते मात्र मावशीच्या काळजीने सांगितलं नाही. कंपनीच्या तक्रार समितीचा निकाल लागेपर्यंत भूपेशला घरी बसायला सांगण्यात आलं. टेम्पो मात्र त्याचाच होता, आणि घरी बसलेला भूपेश रोज सकाळी टेम्पोपाशी येऊन उभा राहायचा. कंत्राटदाराने बायकांच्या कानावर घातलंच होतं की भूपेश गेला तर खरवईची सगळीच बॅच जाईल. त्या खोलीत कोण होतं हे भूपेशला कळत नव्हतं. त्याने एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. ठमाबाईला तेवढं विचारलं नाही, कारण काकी घरची होती. विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं, आणि हे सगळं तिथेच संपलं असतं.

विचारलं ते यशोधरा मॅडमनी. यशोधरा मॅडम कंपनीच्या ऑफिसात होत्या आणि तक्रार समितीचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. अंबरनाथ पूर्वेला राहायच्या. वडिलांनी काडेपेटीच्या कारखान्यात पाळ्या करून त्यांना शिकवलं होतं, आणि मिळालेल्या खुर्चीवर त्या ताठ बसायच्या. माणूस म्हणून त्या वाईट नव्हत्या. पण मागे एकदा अशाच एका तक्रारीचा कागद झेरॉक्स मशीनवर राहून गेला होता. शिपायाने तो वाचला आणि दुसऱ्या दिवशी कँटीनभर त्याचं वाचन झालं. तक्रार करणाऱ्या बाईने नोकरी सोडली. तेव्हापासून मॅडमचा कागदावरचा विश्वास उडाला होता. माणसांवरचा त्याआधीच उडाला असावा. आता सगळं ईमेलवर, आणि ईमेलला कुलूप.

"कपडे बदलायच्या खोलीत तुम्ही काही पाहिलंत?" त्यांनी विचारलं. खरवईच्या सगळ्या बायकांना त्यांनी असंच एकेकटं बोलावून विचारलं होतं आणि सगळ्यांनी कानावर हात ठेवले होते.

"बघितला," ठमाबाई म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं.

मॅडमनी तो जबाब स्वतः टाइप केला. मग त्या समजावू लागल्या. "तुमचं नाव कुणालाही कळणार नाही. हा जबाब मी तुम्हाला मेलवर पाठवते. तो तुम्ही वाचायचा, आणि बरोबर असेल तर 'मान्य' एवढं उलट कळवायचं. फाइलला पासवर्ड आहे, तुमची जन्मतारीख. आपल्या रेकॉर्डला आहे ती. ती फक्त तुम्हाला माहिती, त्यामुळे दुसरं कोणी उघडूच शकत नाही."

"मॅडम, मना मेलमधला काय कळत नाय. हितंच वाचून दाखवा, मी सही करतंय."

"इथे सही घेतली तर उद्या भूपेशचा माणूस म्हणेल, मी दबाव टाकून घेतली. तुम्ही घरी, शांतपणे, कुणाचं दडपण नसताना बघा. आणि घरीसुद्धा कुणाला सांगायचं नाही हं. मुलालासुद्धा नाही."

रेकॉर्डवरचं जन्मसाल आपल्याला ठाऊक नाही, असं ठमाबाईच्या ओठांवर आलं होतं. पण त्याबरोबर वय कमी लावल्याचं निघालं असतं आणि कामावरच गदा आली असती. शिवाय मॅडमनी तसं विचारलं नव्हतं. तिने मान डोलावली. मॅडमना वाटलं, बाईला समजलं.

मेल आला तो अर्थातच सुयोगच्या मोबाईलवर. पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, असं मेलमध्ये लिहिलंच होतं. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने आधारकार्डावरची तारीख घालून पाहिली, फाइल उघडेना. "आई, कंपनीत तुझी जन्मतारीख काय लावलीय? बहुतेक पीएफचं काहीतरी आलंय."

"एक जून," ती म्हणाली.

"साल?"

"ठाव नाय. तू राहू दे तो. मी मॅडमना विचारीन. तू कुणाला विचारू नको."

"का?"

पहिल्यांदाच असं झालं की कुणीतरी सरळ विचारलं आणि ठमाबाई गप्प राहिली. तिने शब्द दिला होता. तिने एवढंच म्हटलं, "नको बोलले ना." आईच्या असल्या बोलण्याला सुयोगने कधी किंमत दिली नव्हती. सकाळी ती टेम्पोत बसून गेली, आणि सुयोगला वाटलं, एवढंसं काम, आई उगाच चार दिवस मॅडमच्या मागे हेलपाटे घालेल. कंपनीतलं तिचं साल कुणाला माहीत असणार? ज्याने लिहिलं त्याला. त्याने ती फाइल भूपेशला पाठवली आणि खाली लिहिलं: दादा, आईची डेट ऑफ बर्थ काय टाकली होती? ओपन नाही होत आहे.

जगातल्या ज्या एका माणसापासून ते कुलूप लावलं होतं, त्या एकाच माणसाकडे त्याची किल्ली होती. भूपेशने फाइल उघडली, वाचली, आणि मग सुयोगला फोन केला. आवाज अगदी मऊ होता. "अरे सुयोग, काकींच्या मनात माझ्यासाठी एवढा विष हाय, तुना ठाव होता का रे?"

गावाने काही केलं नाही. हे नीट समजून घ्या, कारण पुढे कुणी चौकशी केली असती तर खरवईत काहीही घडलेलं नव्हतं. बैठक बसली नाही, कुणी कुणाला दमात घेतलं नाही, दाराशी शिवीगाळ झाली नाही. संध्याकाळी ठमाबाई गेटबाहेर आली तेव्हा टेम्पो निघून गेला होता, इतकंच. दुसऱ्या दिवशी टेम्पोत जागा नव्हती. नळावर तिच्या पुढे-मागे कुणी उभं राहीना. रखमाबाई, जिच्याकडून ती रोज विरजण आणायची, तिने आतूनच सांगितलं की दूध नासलं. सुयोगचं लग्न तोंडावर आलं होतं. हळद कांडायला भावकीतल्या बायका येतात तो दिवस आला आणि ठमाबाईने अंगणात चटया टाकल्या. चटया तशाच उचलल्या.

तिच्या जिवाला खरा घोर होता तो हळदीचा. ठमाबाई विधवा. पोटच्या पोराला हळद लावायला तिचा हात चालत नाही, तिथे सवाष्णी लागतात. पहिला मान भूपेशच्या बायकोचा, जिज्ञासाचा होता. तिला मानाची साडी कधीच देऊन झाली होती. एका दुपारी जिज्ञासा ती साडी घडीसकट ओट्यावर ठेवून, आत न डोकावता निघून गेली. तिच्या पाठीवर वळ उमटले होते, असं नंतर रखमाबाई कुणालातरी म्हणाली. ते कशाने उमटले हे रखमाबाईलाही माहीत होतं. नवऱ्याचं नाव घेण्याऐवजी गावाने साडी परत आलेली पाहिली.

त्या साडीपाशी उभं राहून ठमाबाईने पोराला विचारलं, "भूपेशला कसा कळला?"

सुयोगने सांगितलं, आणि सांगता सांगता तोच आवाज चढवू लागला. "मला काय स्वप्न पडलं होतं का? तू सांगितलंस कधी? आपल्या घरातल्या माणसाच्या नावाने एवढं लिहून दिलंस आणि मला पत्ता नाही! त्या पोरीशी तुझं नातं काय? ती ना आपल्या गावची, ना आपल्यातली. तिच्यासाठी तू माझं लग्न मोडायला निघालीस?"

"मना विचारला, मी सांगितला."

"मग आता लिहून टाक की नीट दिसलं नाही म्हणून. संपला विषय."

"मना नीट दिसला," ठमाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तसाच होता.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षा बदलत बदलत कंपनीत पोचली आणि यशोधरा मॅडमच्या टेबलापुढे उभी राहिली. सगळं ऐकून मॅडमचा चेहरा पांढरा पडला. क्षणभरच. मग त्यांनी पेन सरळ केलं. "ठमाबाई, आमच्याकडून मेल पूर्ण सुरक्षित गेला होता. तो उघडून दिला तुमच्या घरातून. यात समितीची काही चूक नाही, हे तुम्हाला मान्य आहे ना?"

ठमाबाईने थोडा विचार केला. "पोराने दिला, ह्या खरा हाय."

मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला. खरं बोलणाऱ्या माणसाचा हा एक मोठा फायदा असतो, दोष त्याच्याच पदरात घालून मोकळं होता येतं. मग त्या मनापासून म्हणाल्या, "तरीही घाबरू नका. तुमचा जबाब हाच आता मुख्य आधार आहे. तुम्ही मान्य कळवलंत की तो माणूस इथे परत पाऊल टाकणार नाही, हे मी बघेन. नाही कळवलंत तर तक्रार टिकणार नाही, आणि प्रीतीला खोटी ठरवून काढतील."

"मंग मी आताच सांगतंय. मान्य हाय. घ्या लिहून."

"असं तोंडी चालत नाही हो. नोंद असलेल्या मेलवरूनच यायला हवं. मुलाला सांगा, एका मिनिटाचं काम."

याच त्या बाई, ज्यांनी मुलालासुद्धा सांगू नका म्हणून बजावलं होतं. समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसाचं तोंड त्यांना चालत नव्हतं आणि त्याच्या नावाचा आयडी चालत होता. त्यांच्या टेबलावर कागद होता, पेन होतं, ठमाबाईला मराठीत सही येत होती. पण झेरॉक्सवर राहिलेला तो कागद त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि स्वतःच्या नियमावर त्यांचं फार प्रेम होतं.

घरी येऊन ठमाबाईने सुयोगला समोर बसवलं. "लिही. मान्य हाय म्हणून लिही."

"आई, हळदीला चिटपाखरू येणार नाही."

"नाय येतील तर नाय येतील. दिनानाथरावांच्या घरच्या बायका लावतील तुना हळद. मी जाऊन पाया पडीन त्यांच्या. ती पोर भिंतीला टेकून बसली होती रे, तुझ्या होणाऱ्या बायकोच्या वयाची. मी डोळ्यांनी बघितला. लिही तू."

सुयोगने मोबाईल उघडला. मग त्याचा अंगठा चालू लागला. लिहून झाल्यावर त्याने पडदा आईपुढे धरला. सगळं इंग्रजीत होतं. ठमाबाईने ओळीवरून बोट फिरवलं. "काय लिहिलाय?"

"मान्य आहे, असं लिहिलंय. टेन्शन नको घेऊ." त्याने बटण दाबलं. "गेला."

ठमाबाईला हायसं वाटलं. सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळतं, असाच तिचा समज होता, कारण ती स्वतः तसं देत आली होती. त्या दिवशी तिने पोटभर जेवण केलं आणि सुयोगच्या ताटात आपल्या वाटणीची बोंबलाची तुकडी वाढली. पोरगा आपल्या बाजूने उभा राहिला याचं तिला मनातून कौतुक वाटत होतं.

हळदीच्या दिवशी तिने मांडव घालून घेतला तो लोकलाजेस्तव. आचाऱ्याला सांगून मटण निम्म्यावर आणलं. कुळगावहून चार सवाष्णी येणार होत्या, तेवढ्यांवर भागवायचं तिने ठरवलं होतं. दुपार कलली आणि आळीच्या टोकाकडून बायकांचा आवाज आला. आधी रखमाबाई दिसली, विरजणाचं भांडं घेऊन. मग टेम्पोतल्या सगळ्या, नटून, गजरे माळून. लग्नातली गाणी म्हणणारी धवलारीण आली आणि तिने बसल्या बसल्या धवला धरला. पुरुष आले, खुर्च्या मांडू लागले. आचारी धावत येऊन ओरडला, मटण पुरणार नाही, आणि कुणीतरी हसत म्हणालं, भूपेशने बकरा पाठवलाय. पाठोपाठ भूपेश आला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. बरोबर जिज्ञासा होती. तीच मानाची साडी नेसून.

ठमाबाई दारातच रडू लागली. तिला वाटलं, गाव शेवटी आपलं आहे. चूक ती चूक हे त्यांनाही कळतं, आणि राग धरून कुणी पोराच्या हळदीला पाठ फिरवत नाही. मनातल्या मनात तिने सगळ्यांची माफी मागितली, त्यांना वाईट समजल्याबद्दल. भूपेश वाकून तिच्या पाया पडला. "काकी, झाला गेला विसरा," तो म्हणाला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आता कंपनीतून कायमचा निघाला, तरी पोरगा वाकला, असं तिच्या मनात आलं.

जिज्ञासाने सुयोगला पहिली हळद लावली. डीजे सुरू झाला. त्या दणदणाटात ठमाबाईच्या साध्या फोनवर प्रीतीचा फोन आला. ऐकू येईना म्हणून ती घरामागे, भांड्यांच्या ढिगाऱ्यापाशी गेली.

"मावशी, तुम्ही असं का लिहिलंत?" प्रीती रडत होती. "मॅडमनी आज वाचून दाखवलं. तुम्ही लिहिलंय, मला काही दिसलं नाही, प्रीतीने सांगितलं तसं मी बोलले. मी कधी सांगितलं मावशी? तुम्ही तर मला धरून बसला होतात ना?"

ठमाबाई फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडून प्रीती विचारत होती, परत परत तेच विचारत होती. फोन कधी बंद झाला तिला कळलं नाही.

सुयोगला बाजूला घ्यायला तिला मांडवभर हिंडावं लागलं. तो भूपेशच्या खांद्यावर बसून नाचत होता. खाली उतरला तेव्हा त्याच्या तोंडाला हळद थापलेली होती आणि डोळे लाल होते. तिने विचारायच्या आधीच त्याला कळलं.

"लग्न माझं होतं, आई," तो म्हणाला. "भूपेशदादाने सांगितलं तसं मी टाइप केलं. बघ ना, सगळे आले. तुला आनंद नाही झाला? रडलीस तेव्हा मी बघितलं तुला." आणि तो पुन्हा नाचायला गेला. सुनेच्या माहेरच्या बायकांना ताटं वाढायची होती. ठमाबाईने ती वाढली.

लग्न पार पडलं. सून घरात आली, उंबऱ्यावरचं माप ओलांडून. दुसऱ्याच दिवशी ठमाबाई कंपनीत गेली. यशोधरा मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर प्रीती आपल्या आईबरोबर बसली होती. तिने वर पाहिलं नाही. ठमाबाई आत गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मॅडम, त्यो मेल माझा नाय."

मॅडमनी दार लावून घेतलं. "तुमच्याच आयडीवरून आलाय. ज्या फाइलला तुमच्या जन्मतारखेचं कुलूप होतं, तीच उघडून आणि सोबत जोडून आलाय. कायद्याने तो तुमचाच."

"मी नाय लिहिला. मी बघितलाय ना सगळा. आधी सांगितला त्योच खरा."

यशोधरा मॅडमच्या डोळ्यांत आशा चमकली, हे सांगायला हवं. त्यांनाही प्रीती हरायला नको होती. त्यांनी घाईघाईने कागद पुढे ओढला. होय, कागदच. "मग आपण हे आत्ताच उघडं पाडू. तुमच्या नावाने दुसऱ्या कुणी जबाब पाठवला असेल तर तो गुन्हा आहे. मी पोलिसांत देते, त्याला अटक होईल, आणि तुमचा आधीचा जबाब पुन्हा उभा राहील. सांगा, कोणी पाठवला? नाव सांगा फक्त."

सरळ प्रश्न होता. इतका सरळ प्रश्न ठमाबाईला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. घरी सुयोग अजून हळदीच्या अंगानेच झोपला होता आणि सून चुलीपाशी चाचपडत चहाची भांडी शोधत होती. दाराबाहेर प्रीतीची आई खोकली.

"बोला ना ठमाबाई. तुमच्या एका नावावर त्या मुलीचं सगळं आहे."

ठमाबाईने टेबलाची कड धरली. मग ती म्हणाली, "मीच."

"काय?"

"मीच पाठवला. मना कायच दिसला नव्हता."

मॅडमना कळलं होतं की नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद बाजूला सारला. भूपेशला सोमवारपासून रुजू करून घ्यावं लागणार होतं, आणि बाकड्यावरच्या मुलीला काय सांगायचं ते ठरवायचं होतं. मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "ठीक आहे. मग आत्ता जे बोललात तेवढंच एकदा मेलवर कळवा. म्हणजे रेकॉर्डला राहील."

"पोराला सांगतंय," ठमाबाई म्हणाली.